मुलाखतीतली वहिनी

रविवारी सकाळी धाकट्या भावाची मुलाखत वेबसाइटवर आली. तिच्यात वहिनीबद्दल चार वाक्यं होती. दुपारच्या जेवणापर्यंत बायकोनं ती इतक्यांदा वाचली, की दुरुस्तीकाकांना वाटलं, आता फोनची काच झिजेल.

दुरुस्तीकाका हे नाव त्यांना कचेरीत मिळालं होतं. ज्या साप्ताहिकात त्यांनी उभं आयुष्य काढलं, ते आता कागदावर निघत नसे. जे काही यायचं ते वेबसाइटवर; ही मुलाखतही तिथलीच. निवृत्तीचं वय केव्हाच उलटलं होतं, पण खिडकीजवळचं एक टेबल अजून त्यांच्यासाठी ठेवलेलं होतं. प्रसिद्ध झालेल्या मजकुरात चूक निघाली, कुणाची तक्रार आली, कुणी 'आमचं अमुक वाक्य काढून टाका' म्हणालं, की ते प्रकरण त्या टेबलावर जाई. काका तपासत, ठरवत, आणि मजकुराच्या तळाशी दोन ओळींची नोंद लिहीत: काय बदललं आणि का बदललं. गुपचूप काही बदलायचं नाही, हा त्यांचा नियम. "काका स्वतःच्या मृत्युलेखाखालीसुद्धा दुरुस्ती टाकून जातील," असं कचेरीतली मंडळी म्हणत, आणि काकांना ते मनातून आवडे.

धाकटा नट होता. बरीच वर्षं नाटकांत मागच्या रांगेत उभा राहिला. मग केस पिकल्यावर अचानक त्याला पडद्यावर कामं मिळायला लागली, आणि आता रस्त्यावरच्या मोठाल्या फलकांवरून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत असे. पडद्यासाठी त्यानं नाव बदललं होतं. त्यामुळे हा काकांचा सख्खा भाऊ, हे कचेरीत कुणाला माहीत नव्हतं. काकांनी कधी सांगितलं नाही. एकदा सांगितलं की लोक आपल्याशी फक्त त्याच्याविषयी बोलतील, अशी त्यांना भीती होती. आपल्याकडे दुसरं बोलण्यासारखं काही आहे का, याचीही त्यांना खात्री नव्हती.

ती चार वाक्यं अशी होती:

"लहानपणी मी फार अडखळत बोलायचो. घरात वहिनी आली आणि तिनं मला बोलायला शिकवलं, म्हणजे तिनं काहीच केलं नाही, भाजी चिरत बसायची आणि माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायची. दादा हुशार, माझा शब्द अडकला की तो लगेच पुरवायचा, म्हणून त्याच्यासमोर मी बोलणंच सोडलं. आजही कुठलाही संवाद मी आधी मनातल्या मनात वहिनीला म्हणून बघतो."

"अहो, ऐकलंत का?" बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "भाजी चिरत बसायची म्हणे. भाऊजींच्या अजून लक्षात आहे. मी तर पार विसरले होते."

"त्यात शिकवणं कुठे आलं? तो स्वतःच म्हणतोय, काहीच केलं नाही."

"हो ना. काही न करता चार ओळी मिळाल्या. तुम्ही इतकी वर्षं इतकं करताय, तुमच्यावर कुणी एक तरी लिहिली का?"

ती चेष्टाच होती. ती हसतही होती. पण काकांना ती बरोबर लागायची तिथे लागली. बायको पदराला हात पुसत, फोन घेऊन वरच्या मजल्यावरच्या बाईंना दाखवायला गेली. जिन्यात तिची पावलं हलकी वाजत होती. गुडघे दुखतात म्हणून जी बाई महिनोन्महिने गच्चीत गेली नव्हती, तिची ही पावलं.

काका पुस्तक उघडून बसले. पान पुढे सरकेना. ते तिसऱ्या वाक्यापाशी अडकले होते. आपण शब्द पुरवत होतो, हे खरं. पोरगा लाल होई, डोळ्यांत पाणी येई, आणि आपल्याला तर शब्द दिसत असे, समोर ठेवल्यासारखा. मग द्यायचा नाही? बुडत्याला हात द्यायचा नाही? त्यांना वाटायचं, आपण त्याच्यासाठी एवढं तरी करतो. आणि तो म्हणतो, त्यामुळे मी बोलणंच सोडलं. आपण वाचनालयात, मग कचेरीत. तो घरी, तीही घरी. ती विळीवर बसलेली, तो तिच्यासमोर फतकल मारून एकेक वाक्य पुरं करत असलेला. किती दुपारी, कोण जाणे. त्या दुपारी आपल्या घरात घडल्या आणि आपल्याला त्यांचा पत्ता मुलाखतीतून लागला.

संध्याकाळी टीव्हीवर धाकट्याचा एक चित्रपट होता. काकांनी तो आधी दोनदा चुकवला होता. बायको जमिनीवर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. पडद्यावर इस्पितळाचा लांब ओसाड बोळ होता, आणि धाकटा एका बाईला सांगत होता, "तुझ्याशिवाय मी राहू शकलो, याचाच मला राग येतो."

बायकोचे हात थांबले. काकांचाच सदरा होता तिच्या हातात, अर्धी घडी घातलेला. तिचा चेहरा असा झाला होता, जणू कुणीतरी खोलीत येऊन तिच्याशीच बोलतंय आणि मध्ये तोंड घालणं बरं नव्हे. काकांच्या मनात आलं, हा संवाद त्या नटीला दुसऱ्यांदा ऐकवलेला. पहिल्यांदा तो हिला म्हणून झालाय.

"आवाज जरा कमी कर," ते म्हणाले.

"थांबा, त्यांचं होऊ दे."

काका उठून आतल्या खोलीत गेले. आपल्याशी बोलताना ही कधी अशी थांबली होती का, हे त्यांनी आठवून पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं, थांबावं इतकं लांब वाक्य आपण हिच्याशी क्वचितच बोललो. चहा, औषध, किल्ली, उद्या उशीर होईल. लांब वाक्यं सगळी कचेरीत खर्च झाली. हे लक्षात आल्यानं जळफळाट कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

मंगळवारी कचेरीत धाकट्याच्या मॅनेजरचा मेल आला. भाषा गोड होती. आमचे कलाकार एका मोठ्या कंपनीच्या जाहिरातींना आवाज देणार आहेत, तेव्हा बोलण्यातल्या दोषाचा उल्लेख असलेलं पहिलं वाक्य तेवढं काढावं आणि दुसऱ्यात योग्य तो फरक करावा. असले मेल काकांना नवे नव्हते. त्यांनी मंत्र्यांना नाही म्हटलं होतं, खेळाडूंना नाही म्हटलं होतं, एका गायिकेला तर ती टेबलासमोर बसून रडत असताना नाही म्हटलं होतं. नियम त्यांनीच लिहिला होता: जे राजीखुशीनं बोललं गेलं आणि जसंच्या तसं छापलं गेलं, ते नंतर पस्तावलं म्हणून निघत नाही. अपवाद दोनच. बोलणं चुकीचं उतरवलं गेलं असेल, किंवा त्यात ज्याचा उल्लेख आहे असा एखादा साधा, खासगी माणूस त्यामुळे अडचणीत येत असेल.

मुलाखत घेणारी मुलगी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"काका, तो मेल वाचलात ना? आवाज विकायचाय म्हणून अडखळणं नको. कमाल आहे. ते अडखळणं होतं म्हणून तर हा आवाज आहे."

"रेकॉर्डिंग आहे?"

"आहे की. ऐकवू? ते बोलून झाल्यावर मला म्हणाले, हे जरूर घ्या हं, वहिनी वाचेल."

"असं म्हणाला?"

मुलगी हसली. "म्हणाला काय काका, तुम्ही तर घरातल्या पोराबद्दल बोलल्यासारखं बोलताय. एवढा मोठा नट आहे तो."

"म्हणाले," काका म्हणाले.

"तर ते काढायचं नाही. बरोबर? लोक त्या चार ओळींसाठी मुलाखत वाचतायत. बाकी सगळं, खरं सांगू का, पाणी आहे. मी संपादकांना सांगितलंय, काकांकडे गेलंय म्हणजे काळजी नाही."

ती गेली. वहिनी वाचेल. म्हणजे ते वाक्य वाचकांसाठी नव्हतंच. हजारो लोकांच्या देखत धाकट्यानं वहिनीला चिठ्ठी पाठवली होती आणि ती दादाच्या कचेरीतून पाठवली होती. पोस्टमन दादा.

मॅनेजरला द्यायचं नकाराचं उत्तर काकांच्या बोटांना पाठ होतं. त्यांनी ते टाइप करायला घेतलं आणि थांबले. मनात एक विचार आला, आणि तो इतका नीटनेटका होता की त्यांना त्याची भुरळ पडली. ती वहिनी खासगी व्यक्ती नाही का? तिनं मुलाखत दिलेली नाही. तिचा उल्लेख करण्याआधी तिला कुणी विचारलं? कुणीच नाही. हा तर सरळसरळ दुसरा अपवाद. मग पहिलं वाक्यच कशाला, चारही निघतात. तिसरंसुद्धा.

वहिनीला विचारायला हवं होतं, हे बरोबरच होतं. पण त्यासाठी जिच्याकडे जायचं, ती तासाभरात घरी भेटणारच होती. काकांनी तेवढा तास थांबून पाहिलं नाही.

त्यांनी चारही वाक्यं काढली. पान मिटण्याआधी, सवयीनं, हात आपोआप तळाशी गेला आणि त्यांनी नोंद लिहिली:

'या मुलाखतीतील, कलाकाराच्या वहिनींसंबंधीची चार वाक्यं काढण्यात आली आहेत. संबंधित व्यक्ती सार्वजनिक जीवनातील नसून, त्यांच्या खासगीपणाचा विचार करून हा निर्णय घेण्यात आला आहे.'

दुसऱ्या कुणी गुपचूप काढली असती तर चार दिवसांत लोक विसरलेही असते. पण नोंदीशिवाय काढणं काकांच्या हातून होणं शक्य नव्हतं. चोरानं चोरी करावी आणि जाताना पावती ठेवून जावं, तशी ती नोंद होती. काकांनी ती पुन्हा वाचली. एकही शब्द खोटा नव्हता. त्यांना बरं वाटलं, आणि दिवसभर तसाच पडून राहिलेला चहा त्यांनी थंडच पिऊन टाकला.

बुधवारी लोकांनी नोंद वाचली. गुरुवारी मुलाखत कुणी वाचेना, सगळे नोंदच वाचायला लागले. वहिनीबद्दल असं काय बोलला, की काढावं लागलं? एका चटपटीत बातम्यांच्या पानानं धाकट्याचा फोटो टाकून खाली लिहिलं, 'नट आणि वहिनी: कुणाला काय लपवायचंय?' ज्यांनी ती वाक्यं आधी वाचली होती, त्यांनी खालच्या प्रतिक्रियांत सांगून पाहिलं, की अहो, भाजी चिरण्याची साधी गोष्ट होती. पण भाजी चिरण्याच्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवतो? भाजीसाठी कुणी वाक्यं काढतं का?

मुलगी टेबलापाशी आली आणि बसली नाही.

"काका, हे तुम्ही केलंत?"

"खासगी व्यक्तीचा उल्लेख होता. अपवादात बसतं."

"त्या खासगी व्यक्तीची तक्रार आली होती?"

काकांनी टेबलावरचं पेन सरळ करून ठेवलं.

"नाही ना? मॅनेजरनं एक वाक्य मागितलं, तुम्ही चार दिलीत. आता लोक मला विचारतायत, मी काय घाण छापली होती म्हणून. दुसऱ्या कुणी केलं असतं तर भांडले असते. तुमच्याशी कसं भांडायचं तेच कळत नाही."

ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. ते लवकर घरी निघाले.

बायको स्वयंपाकघरात उभी होती. भाजीची पिशवी ओट्यावर तशीच आडवी पडली होती, तिच्यातून एक टोमॅटो घरंगळून भिंतीशी गेला होता. तिनं फोन त्यांच्यासमोर धरला.

"हे तुमचं आहे."

"कचेरीत नोंदी सगळे अशाच..."

"'सार्वजनिक जीवनातील नसून' असं जगात एकच माणूस लिहितो. मी त्याच्याशी संसार केलाय."

काकांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"वरच्या बाईंनी जिन्यात गाठलं मला," ती म्हणाली. "हळू आवाजात विचारलं, भाऊजी तुमच्याशी नीट वागायचे ना? त्यांनी रविवारी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं. आता म्हणतात, तेव्हा आमच्या लक्षात आलं नसेल काही. मी काय सांगू त्यांना? ते शाळेत जाणारं पोर होतं हो. माझ्या पोटच्या पोरासारखं."

"मी तुझाच विचार करून..."

"विचार केलात? मला विचारलंत का?"

तेवढ्यात त्यांच्याच खिशातला फोन वाजला. धाकटा एरवी वहिनीच्या फोनवर बोलायचा. दादाला त्यानं कधी फोन केला होता, ते दोघांनाही आठवलं नसतं.

"दादा, त्या वेबसाइटवर असल्या गोष्टींना तूच बसतोस ना?"

"हो."

"मी मॅनेजरला आत्ता झापला. मला न विचारता मेल केला होता त्यानं. पण त्यानंही एक वाक्य मागितलं होतं रे. तू वहिनीच काढून टाकलीस." त्याचा तो विकत घेतला जाणारा आवाज नव्हता हा. जुना होता. "तुला काय वाटलं, सांगू? तुला हे... हे... हे..."

शब्द काकांच्या समोर होता. स्वच्छ, दोन अक्षरी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी धाकट्याला शब्द पुरवला नाही, आणि तेही चांगुलपणानं नव्हे. पलीकडे बराच वेळ श्वास ऐकू आला, मग फोन बंद झाला.

"काय म्हणाले?" बायकोनं विचारलं.

"काही नाही."

"ती वाक्यं परत टाका."

"नुसती टाकता येत नाहीत. आधी काढली होती, आता परत का दिली, त्याची नोंद लिहावी लागेल. कारण द्यावं लागेल."

"मग द्या की."

"काय देऊ?"

"मला काय विचारता? काढलीत तुम्ही." ती खाली वाकली, टोमॅटो उचलला, धुतला. त्यांच्याकडे पाठ करून म्हणाली, "अहो, एक सांगू? काल रात्री मला झोपेत हसू आलं म्हणालात ना तुम्ही. त्या चार ओळींचं होतं ते. या घरात मी काही केलं, ते कुणीतरी पाहिलं होतं. एवढंच होतं. ते तुम्हाला खपलं नाही."

शुक्रवारी सकाळी काका सरळ संपादकांच्या खोलीत गेले. मुलगी तिथेच होती, वाचकांच्या प्रतिक्रिया दाखवत. संपादक वयानं काकांहून बरेच लहान. त्यांनी उठून खुर्ची दिली.

"काका, बसा. मी तिला तेच सांगत होतो, चूक कुणाकडूनही होते. 'तांत्रिक कारणामुळे काही वाक्यं दिसत नव्हती,' असं टाकू आणि विषय संपवू."

"ती वहिनी माझी बायको आहे," काका म्हणाले.

संपादक उभेच राहिले. मुलीनं फोन खाली ठेवला. तिच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं, ते काकांना तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"म्हणजे तो दादा, तो शब्द पुरवणारा," ती म्हणाली. "तुम्ही?"

"हो."

"अरे देवा," ती हळूच म्हणाली. त्यात राग नव्हता. काकांना राग चालला असता.

"काका," संपादक खुर्चीत बसत म्हणाले, "हे तुम्ही मंगळवारी सांगायला हवं होतं. आपला माणूस गुंतलेला असेल तर ते प्रकरण त्यानं दुसऱ्याकडे द्यायचं. कुणी घातलाय हा नियम?"

"मीच."

"कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं मग." त्यांनी कपाळ चोळलं. "ते टेबल आता तुमच्याकडे ठेवता येणार नाही. हे मला बोलवत नाही, पण."

"मी तेच सांगायला आलो होतो. फक्त ही एक नोंद मला लिहू द्या."

त्यांनी ती सकाळी बसमध्ये मनात लिहिली होती. आता मुलीच्या संगणकावर उभ्यानं टाइप केली:

'या मुलाखतीतून मंगळवारी काढलेली चार वाक्यं जशीच्या तशी परत दिली आहेत. त्यांत काहीही चुकीचं किंवा आक्षेपार्ह नव्हतं. ज्यानं ती काढली, तो या वहिनींचा नवरा आणि कलाकाराचा थोरला भाऊ आहे. हे त्यानं कचेरीपासून लपवलं. वहिनींची तक्रार नव्हती, त्यांना विचारलंही नव्हतं. ती वाक्यं त्यानं हेव्यापोटी काढली.'

संपादकांनी वाचलं आणि बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं.

"बाकी राहू दे. हा शब्द काढू या. 'वैयक्तिक कारणानं' करू. काका, तुमच्या वयाच्या माणसानं असं लिहायचं, लोक वाट्टेल ते बोलतील. तुमची चाळीस वर्षांची अब्रू आहे."

"'वैयक्तिक कारण' लिहिलं, की लोक विचारणार, कुठलं. तुम्हाला किंवा मला नाही विचारणार. तिला विचारतील, जिन्यात. या शब्दानंतर मात्र तिला कुणी काही विचारणार नाही. विचारलं तर मला विचारतील."

"पण एवढं उघडं..."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?" काका म्हणाले. मुलगी गुरुवारपासून पहिल्यांदा किंचित हसली. मग म्हणाली, "आणि नोंदीत वहिनींचा उल्लेख आहे. या वेळी तरी विचाराल त्यांना?"

काकांनी बोळात जाऊन घरी फोन लावला. पाण्याच्या यंत्राजवळ दोघेजण गप्पा मारत होते, ते जाईपर्यंत काका थांबले, आणि मग सगळी नोंद वाचून दाखवली. इतकं लांब त्यांनी बायकोला फोनवर कधी काही ऐकवलं नव्हतं.

"परत वाचा," ती म्हणाली.

त्यांनी परत वाचली. शेवटच्या ओळीला आवाज खाली गेला.

"कुणाचा हेवा?"

"त्याचा."

"आणि माझा नाही?"

हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "थोडा तुझाही," ते म्हणाले. "मला ते जमलं नसतं. थांबणं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती गॅस बारीक करायला गेली असावी, परत आली.

"एवढे घोडे झालात," ती म्हणाली. "टाका. तो शब्द ठेवा. खोडलात तर बघा."

मुलीनं नोंद टाकली. काकांनी टेबलाचा खण रिकामा केला. त्यात एक जुना शब्दकोश, दोन पेनं आणि खोकल्याच्या गोळ्या निघाल्या. खण इतका रिकामा असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. निरोप घेताना मुलगी म्हणाली, "काका, प्रतिक्रिया वाचू नका." त्यांनी बसमध्ये सगळ्या वाचल्या. अर्धे लोक हसत होते. कुणी लिहिलं होतं, 'म्हातारा प्रामाणिक आहे, पण काय तो म्हातारा.' कुणी स्वतःच्या भावाबद्दल लांबलचक लिहिलं होतं. वहिनीवर एकही ओळ नव्हती. सगळ्या काकांवर होत्या.

त्यांना तो शब्द परत घ्यावासा वाटला. मुलीला फोन करावा आणि म्हणावं, एवढं एक काढ गं. टेबलासमोर बसून रडणारी ती गायिका त्यांना आठवली, तिला आपण पाण्याचा पेलासुद्धा विचारला नव्हता हेही आठवलं. फोन त्यांनी खिशात घातला.

जिन्यात वरच्या बाई भेटल्या. आज त्यांचा आवाज हळू नव्हता. "काका, वाचलं हो," त्या म्हणाल्या. "आमचे हे असतात ना, जळून कोळसा होतील, पण तोंडानं कबूल करायचे नाहीत." आणि तोंडावर पदर घेऊन हसत वर गेल्या. काकांचे कान तापले. पण त्या हसत होत्या, आणि विचारत काही नव्हत्या.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. बायको आत, पलंगाच्या कडेला बसून फोनवर बोलत होती. "हो ना," ती म्हणत होती, "या वयात. मला तर आधी खरंच वाटेना." मग ती हसली. रविवारी हसली होती तसं नाही, त्याहून मोकळं, आणि पलीकडून धाकट्याचंही हसणं फोनमधून बाहेर सांडलं. दोघं कुणाला हसत होते, हे सांगायला नको होतं.

काकांनी शब्दकोशाची पिशवी खुर्चीवर ठेवली. छातीत तेच जळणं पुन्हा सुरू झालं. नोंद लिहिली, सगळ्या जगाला सांगितलं, टेबल गेलं, म्हणून ते थांबायला हवं होतं. थांबलं नव्हतं.

बायकोनं दारातून डोकावून त्यांना पाहिलं. फोनवर हात ठेवला.

"भाऊजी आहेत. तुमच्याशी बोलायचंय म्हणतात. देऊ?"

"तुमचं होऊ दे आधी," काका म्हणाले, आणि त्यांचं किती वेळ चालतंय ते ऐकत बाहेरच्या खोलीत बसून राहिले.